पलीकडच्या काठाची फाईल

पेन ड्राइव्ह लावायचा अवकाश, पडद्यावर लाल चौकट उमटली आणि स्वप्नीलनं आणलेली फाईल कॉम्प्युटरनं गिळून टाकली.

"बघ," ऋतिका म्हणाली, "मशीनलासुद्धा तुझा भरवसा वाटत नाही."

स्वप्नील हसला. चोपड्याच्या याच क्लासात तो तिच्या हाताखाली शिकला होता. आता साळवण गावात तो सेवा केंद्र चालवायचा. लोकांचे उतारे, दाखले काढून द्यायचा आणि निम्म्या गावाचे पासवर्ड स्वतःच्या डोक्यात ठेवून ऐटीत फिरायचा.

"अनोळखी ईएक्सई फाईल उघडायची नाही, हे तुला कुणी शिकवलं होतं?"

"तुम्हीच, मॅडम. पण मी कुठे अनोळखी आहे?"

"झिप करून आणायची साधी."

"साध्या झिपला उघडणारा लागतो. तुमच्या घरच्या लॅपटॉपवर तो नसला तर? ही स्वतःच उघडते. सामान आणि सामान सोडवणारा, दोन्ही एकाच गाठोड्यात. दोनदा टिचकी मारली की झालं."

"माझ्या घरच्या लॅपटॉपचा इथं काय संबंध?"

स्वप्नीलनं खुर्ची जवळ ओढली. वर्गात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यानं आवाज खाली आणला.

"फाईल तुमच्यासाठी नाहीच. तुमच्या सासूबाईंसाठी आहे. आमच्या मोठ्या मायनं पाठवली."

ऋतिकाचा माऊसवरचा हात थांबला. स्वप्नीलची मोठी माय म्हणजे साळवणची सुंदरबाई, त्याच्या वडलांच्या थोरल्या भावाची बायको. आणि ऋतिकाची सासू म्हणजे साळवणच्या समोर, नदीच्या अलीकडच्या काठावरच्या निंबखेड्याची कुंदाबाई. या दोन बायकांनी उभ्या जन्मात एकमेकींच्या घरचा चहा घेतला नव्हता, पण एकमेकींना शिव्या देण्यात मात्र एकही आखाजी चुकवली नव्हती.

ज्यांना खानदेशातली आखाजी ठाऊक नाही, त्यांना हे सांगून पटायचं नाही. सासरी गेलेल्या लेकी अक्षय तृतीयेला माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि गौराई घेऊन नदीवर गेल्या की या काठाच्या बाया त्या काठाच्या बायांना गाण्यातून शिव्या घालतात. शिवी सुरात हवी, यमक जुळलेलं हवं आणि वर्मावर बसणारी हवी. नियम एकच. ज्यानं ऐकलं, त्यानं उत्तर द्यायचं. ज्या काठाचं उत्तर आधी संपलं तो काठ हरला, मग वर्षभर बाजारात मान खाली. निंबखेडं कुंदाबाईच्या आवाजावर कधी हरलं नव्हतं. पलीकडची ओळ पुरी व्हायच्या आत तिचं उत्तर निघायचं, तेही तिथल्या तिथं रचलेलं.

मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. अगदी मुकी झाली नाही, पण उरलं ते फाटकं, घोगरं काहीतरी, जे ती घराबाहेर कुणाच्या कानावर पडू द्यायची नाही. पाहुणे आले की ती स्वयंपाकघरात जायची. भाजीवाल्याशी बोटांनी बोलायची. नदीवर जायचं तर नावच नको. आता निंबखेड्याच्या पोरी आखाजीला काठावर मोठा स्पीकर लावून नाचतात आणि साळवणच्या बाया पलीकडून बघत बसतात.

"व्हॉट्सअॅपवर का नाही टाकलं?" ऋतिकानं विचारलं.

"टाकलं असतं तर दुपारपर्यंत सुरतेला पोचलं असतं. मोठी माय म्हणे, हाई कुंदाना घरच जावाले जोयजे, आन् तिनाच हाते उघाडाले जोयजे. म्हणून उघडताना आधी एक चौकट येईल. मजकूर मोठ्या मायनं सांगितला तसाच घातलाय. खाली दोन बटणं आहेत. होकार दिल्याशिवाय पुढे जात नाही."

"आत काय आहे?"

"गाणी. बाकी मी सांगायचं नाही, अशी शपथ आहे."

तो गेल्यावर ऋतिकानं फाईल परत काढली, नीट तपासली. अशी फाईल न चालवताही आत डोकावता येतं, हे तिला माहीत होतं. तिनं डोकावलं. आत आवाजाच्या फायली होत्या आणि नावांच्या जागी नुसते आकडे. स्वप्नील आपला विद्यार्थी शोभतो, असं वाटून तिला रागही आला आणि बरंही वाटलं. एखादी वाजवून बघावी असं फार मनात आलं होतं. पण घरातल्या मोठ्या बाईच्या नावानं आलेलं सामान सुनेनं आधी उसवायचं नसतं, एवढी रीत धुळ्यासारख्या शहरात वाढूनही ती शिकली होती.

घरी कुंदाबाई सांजोऱ्यांचं सारण परतत होती. शिरपूरला दिलेली लेक कामिनी सकाळीच आखाजीसाठी आली होती आणि अंगणातल्या निंबाला झोका बांधून घेत होती. ऋतिकानं पेन ड्राइव्ह सासूच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

कुंदाबाईनं गॅस बारीक केला.

"सुंदरनी धाडं?"

"हो."

"गाना?"

"हो, आई."

"मुक्या बाईले गाना धाडस. तिनी हिंमत देख." कुंदाबाईचा घोगरा आवाज रागानं आणखीच चिरला. "उघाडू नको. ऐकं म्हंजे उत्तर देनं पडस. माले आते गाता येस का?"

"नुसतं ऐकून ठेवू. कुणाला कळणार आहे?"

"माले कळी ना!"

कुंदाबाईनं पेन ड्राइव्ह देव्हाऱ्याच्या खणात ठेवला. थोड्या वेळानं परत काढला, कारण आत शिव्या असणार आणि त्या देवाजवळ कशा ठेवायच्या. तिथून तो मिठाच्या बरणीमागे गेला. मिठाजवळ मशीनची वस्तू खराब होते असं ऋतिकानं म्हटलं, तेव्हा तो चादरींच्या कपाटात गेला. उघडायचा नाही असा हुकूम सोडलेल्या वस्तूची कुणी इतकी बडदास्त ठेवलेली ऋतिकानं पाहिली नव्हती.

आखाजीच्या आदल्या दिवशी कुंदाबाई सांजोऱ्या तळता तळता सहज विचारल्यासारखं म्हणाली, "कितला गाना व्हतीन त्यामा?"

"बरीच दिसतात."

"मन्हा जास्त व्हतात."

"तुमची मी मागच्या वर्षी लिहून मागितली होती, आई. तुम्ही एकही सांगितलं नाही."

"सांगाले याद ऱ्हायले जोयजे ना, बेटा." कुंदाबाईनं सांजोरी उलटली. "ते नदीवरच ये. समोर सुंदर उभी ऱ्हायनी का तोंडमा ये, म्हनं का गयं. घर काही येस नही."

ती हे हसत बोलली, पण झारा तिच्या हातात उगाचच फिरत राहिला. ऋतिकाला तेव्हा प्रथम कळलं की सासूचा फक्त आवाज गेला नव्हता. गाणीही गेली होती. आयुष्यभर जे कमावलं त्यातलं काहीच तिच्याजवळ उरलं नव्हतं, आणि ते आठवणारं दुसरंही कुणी नव्हतं.

आखाजीच्या दिवशी बाया गौराई घेऊन नदीवर गेल्या. कामिनीही गेली. कुंदाबाई घरी राहिली, ऋतिका तिच्या सोबतीला. पंख्याखाली बसून दोघी रसासाठी आंबे माचवून मऊ करत होत्या. नदीकडून स्पीकरचा धडधडाट येत होता. मग तो अचानक बंद पडला आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

कामिनी परत आली ती धापा टाकत. पदरानं तोंड पुसत ती उंबऱ्यातच बसली.

"माय, साळवणन्या बाया गातस नहीत."

"मंग काय करतस?"

"बठेल शेत. पोरीस्नी स्पीकर लावा, तरी कोन्ही काही बोलनं नही. मंग सुंदर मावशी उठनी, पानीपर्यंत उनी आन् आवाज दिधा. म्हने, कुंदानं उत्तर येस नही तवलोंग आम्हना काठ गावाव नही. आन् तठेच दगडवर बठी गयी."

"उन्हमा?"

"उन्हमा. डोकावर पदर लिसन."

कुंदाबाईच्या हातातला आंबा तसाच राहिला. वैशाखातल्या दुपारी त्या पात्रात अनवाणी पाय ठेववत नाही. त्यात सुंदरबाई तिच्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठीच.

"येडी शे का ती? मरी जाई!"

"मी म्हनं, मावशी, सावलीमा चाल. म्हने, कुंदाले सांग."

कुंदाबाई उठली. हात धुतले, पदराला पुसले. कपाटातून पेन ड्राइव्ह काढून ऋतिकापुढे धरला.

"लाव," ती म्हणाली. "तिले हारबी मन्ह्या तोंडनीच जोयजे व्हई, तर देस. पन उन्हमा बठाडीसन नही."

ऋतिकानं दीपकचा, म्हणजे नवऱ्याचा, जुना लॅपटॉप पाटावर मांडला. फाईल दिसली. एका चौकोनी खोक्याचं चित्र होतं. ऋतिकानं सासूचं बोट माऊसवर ठेवलं आणि दोनदा दाबायला सांगितलं. पहिल्यांदा कुंदाबाईनं इतकं सावकाश दाबलं की काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा चौकट उघडली. कुंदाबाईनं चष्मा लावला आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं.

"कुंदा, तुन्हं तुले. बठ्ठं शे का, मोजी ले."

म्हणजे, तुझं तुला; सगळं आहे का, मोजून घे. खाली दोन बटणं होती. 'ऐकस' आणि 'ऐकस नही'.

"देखं?" कुंदाबाई म्हणाली. "बदला काढस. इतला सालन्या शिव्या व्याजसगट परत करस." आणि तिनं 'ऐकस' दाबलं.

हिरवी पट्टी सरकत गेली. एक फोल्डर आपोआप उघडलं आणि आकड्यांची लांबलचक रांग पडद्यावर आली. ऋतिकानं पहिला आकडा लावला. आधी कोंबड्यांचा आवाज, मग कुणीतरी खाकरलं, आणि सुंदरबाईचा खणखणीत गळा खोलीभर झाला.

*साळवणनी सुंदर, भाकर करस काय,*
*तव्यावर करपनी, म्हने जवाई खाय!*

कामिनी खळखळून हसली आणि हसता हसता गप्प झाली.

"माय, हाई तर सोतालेच..."

कुंदाबाईनं हात वर करून तिला थांबवलं.

दुसरं गाणं साळवणच्या पाटलाच्या मिशांवर होतं. तिसरं साळवणच्या विहिरीवर, जिच्यात म्हणे पाण्यापेक्षा बेडूक जास्त. पुढचं पुन्हा सुंदरबाईवर, तिच्या तिरप्या चालीवर. सगळ्या शिव्या अलीकडच्या काठाच्या, पलीकडच्या काठाला घातलेल्या. एके ठिकाणी सुंदरबाईचा शब्द चुकला. ती थांबली, स्वतःशीच "नही, नही" म्हणाली आणि ओळ पहिल्यापासून नीट म्हटली. जिथं कुंदाबाई सूर उंच नेऊन सोडून द्यायची, तिथंच तिनं तो नेला आणि सोडला.

"हाई मन्हं शे," कुंदाबाई म्हणाली. मग पुढच्या गाण्यालाही म्हणाली, "हाईबी मन्हं." विहिरीचं गाणं तिनं परत लावायला सांगितलं. "त्या साल आम्हनी विहीर आटेल व्हती. सुंदरनी आम्हनी विहीरले नाव ठेवं, तवय मी हाई म्हनं." तिनं कामिनीकडे पाहिलं. "तू पोटमा व्हती. तुन्हा बाप म्हने, इतली वरडू नको, पोर तठेच व्हई जाई."

गाणी येत गेली. जी काठावर एकदा म्हटली आणि ज्यांची तिलाच आठवण राहिली नाही, ती सगळी. शिवी देणारी देऊन मोकळी झाली होती. जिला लागली तिनं मात्र एकही सांडली नव्हती, घरी नेऊन जपून ठेवली होती. आपली मोठी माय एवढे दिवस दार लावून मोबाईलपुढे स्वतःलाच का शिव्या देत होती, हे स्वप्नीलनं कुणाला कसं सांगितलं असतं?

ऋतिकाचे डोळे भरून आले. आपल्या सासूचा एवढा अभिमान तिला कधी वाटला नव्हता. आणि तो वाटायला लावणारी बाई पलीकडच्या गावची, साता जन्मांची दुश्मन, या क्षणी उन्हात दगडावर बसली होती.

कुंदाबाई रडली नाही. ती ताठ बसून ऐकत होती, बक्षीस घ्यायला बोलावलेल्या माणसासारखी. एका शिवीला तर तिनं "वा!" म्हटलं, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती. मग तिनं ऋतिकाला थांबवायला सांगितलं.

"बाकी मंग ऐकसू. ती बठेल शे. फोन काढ."

"फोन लावायचाय त्यांना?"

"नही. मन्हं भरी ले. ऐकं ना आते? उत्तर देनं पडी."

कामिनी उंबऱ्यातून उठून आत आली. "पन माय, तुले तुन्हाच गाना याद नहीत. तू काय गाशी?"

"मन्हा येतस नहीत," कुंदाबाई म्हणाली. "तिना बठ्ठा येतस."

ऋतिकानं पंखा बंद केला. फोन पाटावर ठेवला, मग उचलून सासूच्या तोंडाजवळ धरला. दोन वर्षांत या आवाजाचा एक शब्दही या घराबाहेर गेलेला नव्हता, आणि आता तो नदी ओलांडून समोरच्या काठावर, गावभरच्या बायांपुढे वाजणार होता. तिला सासूची काळजी वाटली.

"आई, रेकॉर्डिंग झालं की मी आवाज थोडा साफ करते. घरघर कमी करता येते. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"काही साफ करू नको," कुंदाबाई म्हणाली. "शे तसा जाऊ दे. मन्हा शे."

तिनं पदर खोचला. घरात, पाटासमोर, ती नदीवर उभी राहायची तशी उभी राहिली, एक हात कमरेवर ठेवून. पहिला सूर निघालाच नाही, नुसती हवा आली. दुसरा फाटला. तिसऱ्याला तिनं मान उचलली आणि त्या फाटक्या, घोगऱ्या आवाजात, शेजारच्या घरापर्यंत जाईल अशी, स्वतःच्याच नावानं शिवी सुरू केली.

*निंबखेडानी कुंदा पानीले गयी,*
*घागर ऱ्हायनी घर, चुंबळ लई गयी!*

खोकल्याची उबळ आली. ऋतिकानं फोन खाली घेतला, तर कुंदाबाईनं तिचं मनगट धरून तो परत वर केला. घोटभर पाणी प्याली आणि पुढची शिवी आणखी मोठ्यानं म्हणाली.